आमचं परसदार, आमचे मासे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर गुहागर तालुक्यात, पुळणीपासून, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूपासून, दोन आगरं आत. मे महिन्यात आणि गणपतीत घर भरतं, आणि पाहुण्याने ओटीवर पिशवी टेकवली की ठरलेले प्रश्न सुरू होतात. आमचे हे मोजकं बोलणारे, त्यामुळे उत्तरं द्यायची पाळी माझ्यावर येते. तीच इथे उतरवून ठेवली आहेत. यायच्या आधी वाचून या, म्हणजे चहा पिताना दुसऱ्याही गोष्टी निघतील.

मासे कोणाचे आणि बाग कोणाची?

मासे ह्यांचे, बाग माझी, विहीर दोघांची.

ह्यांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं. निवृत्तीनंतर हाताला चाळा हवा होता, तो टाकीने दिला. हवेच्या पंपाचा सूर जरा बदलला तरी ह्यांना माजघरात झोपेतून जाग येते. मी मारलेली हाक मात्र पडवीतून विहिरीपर्यंत पोचत नाही. मी सड्यावरच्या, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरच्या, गावची. माझ्या माहेरी एप्रिल सरता सरता विहिरीचा तळ दिसायला लागायचा. तांदूळ धुतलेलं पाणी गुरांना, भांडी विसळलेलं अळवाला, आंघोळीचं केळीला, हे बघतच मोठी झाले. त्यामुळे टाकीतलं पाव हिस्सा पाणी दर आठवड्याला काढून टाकायचं असतं, असं ह्यांनी सांगितलं तेव्हा मी एकच अट घातली: त्यातलं तांब्याभरही मोरीत जाता कामा नये. टाकी घरात आली ती या अटीवर. पुढची बरीचशी उत्तरं तिच्यातूनच निघाली आहेत.

टाक्या कुठे कुठे आहेत आणि मासे कोणते?

ओटीवर काचेची टाकी आहे: तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १२५ लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे काच, खडी आणि पाणी मिळून दीडशे किलोच्या वर वजन. दुकानदार लोखंडी स्टँड देतो, पण किनाऱ्यावर लोखंडाचं काय होतं ते आमच्या खिडक्यांच्या गजांना विचारा. खाऱ्या हवेने सांधे आतून पोखरले जातात आणि रंगाखाली ते दिसतही नाही. म्हणून आम्ही चिऱ्याचा कट्टा बांधून घेतला, वर कडाप्पा, त्यावर थर्माकोलचा पातळ थर आणि मग टाकी. थर्माकोल शोभेचा नाही. खाली बारीकसा उंचवटा राहिला तर सगळा भार तेवढ्याच जागी येऊन तळाची काच तडकते.

या टाकीत मॉली, प्लॅटी आणि स्वॉर्डटेल आहेत. मागील दारी गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण आहे, तिच्यात गप्पी. गोठा रिकामा झाल्यावर डोण काढून टाकायचं चाललं होतं, ती अशी वाचली. विहिरीजवळच्या सिमेंटच्या टाकीत कुमुदिनी लावली आहे, तिथेही गप्पीच. सिमेंटची टाकी नवी असताना तिच्यातून चुना सुटतो आणि मासे टिकत नाहीत. ती भरायची, त्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकायचे, काही दिवसांनी रिकामी करून पुन्हा भरायची, असं तीन-चार आठवडे चालवायचं. केळी परसात असल्याने खुंटाला तोटा नव्हता.

गोल्डफिश का नाही, हा पोटप्रश्न मुलं विचारतात. त्याला गारवा लागतो आणि पाणीही भरपूर लागतं. आमच्याकडे मे महिन्यात टाकीतलं पाणी तीस अंशांच्या वर जातं, आणि पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. हौसेसाठी त्याला धापा टाकायला लावण्यात अर्थ नाही. हीटर मात्र आम्हाला सहसा लागत नाही.

विहिरीचं पाणी माशांना चालतं का?

चालतं, पण विहीर कुठली ते सांगा.

आमची विहीर पुळवट जमिनीतली, उथळ. अशा विहिरीत गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरचा गोडा थर पावसाने भरतो आणि मोटर लावून तो भसाभसा उपसला की खालचं खारं वर सरकतं. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावरच्या कितीतरी विहिरी मचूळ होतात त्या यानेच. म्हणून आम्ही उन्हाळ्यात एकदम तासभर मोटर न चालवता थोडं थोडं पाणी काढतो. शिवाय आमच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असल्याने पाणी जड आहे, डाळ शिजायला वेळ घेते. मॉलीला नेमकं असंच पाणी मानवतं, थोडा खारेपणाही ती सोसते. मासे निवडताना ह्यांनी पाणी आधी बघितलं आणि रंग मागाहून.

माझ्या माहेरचं, जांभ्यातलं पाणी याच्या उलट: मऊ आणि किंचित आंबट. तिथे निऑन टेट्रासारखे मासे खुश राहतील आणि मॉली महिन्याभरात मरगळेल. माशाला घरचं पाणी सोसणार आहे का, एवढं आधी बघितलं तर बाटल्यांतल्या औषधांवरचा खर्च बहुतेक वाचतो.

आता सावधगिरीच्या गोष्टी. पावसाळ्यात सार्वजनिक विहिरीत आणि नळयोजनेच्या टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर, टाकतात. माणसांसाठी ते उत्तमच, पण त्यातला क्लोरीन माशांच्या कल्ल्यांची आग करतो. क्लोरीन बघायच्या पाणीवाल्याच्या ओ.टी. चाचणीत पाणी पिवळं दिसलं तर ते तसंच टाकीत ओतू नका. रुंद तोंडाच्या भांड्यात उन्हात दिवसभर उघडं ठेवा, किंवा दुकानात अँटिक्लोरिन म्हणून सोडियम थायोसल्फेट मिळतं त्याचे थेंब घाला. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेलं पाणीही टाकीत नको. तांबं माशांना बाधतं आणि गोगलगायींना तर फारच. पन्हळीचं पाणी चालतं, पण पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्या, कौलांवरची वर्षभराची धूळ त्यात असते. नंतरचंही विहिरीच्या पाण्यात मिसळूनच घाला, कारण नुसत्या पावसाच्या पाण्यात क्षार नसतात आणि त्याची आम्लता धरबंध सोडून बदलते.

आम्ही मुंबईला टाकी घेतली आणि आठवड्यात मासे मेले. काय चुकलं?

हा प्रश्न दर गणपतीत येतो. बहुतेक वेळा गोष्ट एकच असते: शनिवारी टाकी आणली, शनिवारीच भरली, शनिवारीच डझनभर मासे सोडले आणि घरातल्या प्रत्येकाने हौसेने खाणं टाकलं.

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. पाणी काचेसारखं नितळ दिसत असलं तरी तो त्यात असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीवर वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर धरा. सुरुवातीला दोन-तीन दणकट मासे सोडा, खाणं चिमटीच्या टोकावर मावेल एवढंच द्या. कोणाची जुनी निरोगी टाकी असेल तर तिच्यातला मळका स्पंज मागून आणा; चिपळूणच्या भाच्याला ह्यांनी लग्नाच्या आहेराबरोबर तोच दिला होता, ओल्या फडक्यात गुंडाळून. त्याच्या सासरच्यांना ते काय आहे हे समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली.

दुसरं म्हणजे स्वच्छतेचा अतिरेक. सगळे मासे बादलीत काढायचे, खडी साबणाने धुवायची, स्पंज नळाखाली पिळायचा आणि सगळं नव्याने भरायचं, याला लोक निगा म्हणतात. अशाने वस्ती धुऊन जाते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात दोनदा दाबायचा, बस. साबण कशालाच नाही.

खाणं किती? दोन मिनिटांत फस्त होईल एवढं. मासा वर येऊन तोंड उघडमीट करतो म्हणजे तो भुकेला असतोच असं नाही. माणूस दिसला की खाणं येतं हे त्याला कळलेलं असतं.

टाकीतलं पाणी झाडांना कसं देता?

रविवारी सकाळी, ऊन ओटीवर यायच्या आत. ह्यांच्याकडे पारदर्शक नळी आहे. तिचं एक टोक खडीत खुपसतात, दुसरं खिडकीच्या गजांमधून खाली सोडतात. नळी आधी पाण्याने भरून, अंगठ्याने तोंड दाबून धरायची आणि खाली नेऊन सोडायची, की पाणी आपोआप ओढलं जातं, तोंडाने ओढायची गरज पडत नाही. खडीतला मळ तपकिरी धुरळ्यासारखा उठून नळीत शिरतो, खडे अर्ध्यापर्यंत चढतात आणि परत खाली पडतात. एखादं पिल्लू नळीकडे कुतूहलाने आलं की हे बोटाने त्याला हटकतात आणि वर काहीतरी पुटपुटतातही. खिडकीखाली मी बादली घेऊन उभी. बादलीत आधी एकदा गाळणं फिरवायचं, पिल्लू आलेलं असलं तर परत पाठवायचं, आणि मग पुढची वाटणी माझी.

पहिला मान अळवाला. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू आणि टाकीच्या पाण्यावरचं अळू यांच्या पानात तळहाताएवढा फरक पडतो. अळवाखालोखाल मिरच्या, कढीलिंब, मायाळू आणि लाल माठ. वर सांगितलेलं नायट्रेट माशांना नकोसं असतं, पानांना मात्र तेच हवं असतं. फुलझाडांना मी जरा हात राखून देते, कारण नुसत्या नत्राने पानं माजतात आणि कळ्या कमी धरतात. जमीन पुळवट, वरून ओतलेलं लगेच खाली जातं, म्हणून आळ्यात आधी शेणखत आणि कुजलेला पाला, वर नारळाची सोडणं पालथी. पाणी सोडणांत जिरतं आणि दोन दिवस ओल राहते. माडांना हे पाणी देत नाही. माडाची तहान बादलीने भागत नाही, त्यांचं शिपणं वेगळं.

एक पथ्य आहे. टाकीत मीठ किंवा औषध घातलं असेल तर ते पाणी भाजीला द्यायचं नाही. पावसाळ्यात एकदम गारठा पडला की माशांच्या अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके येतात. त्यावर हे लिटरला एक ग्रॅमपासून सुरुवात करून जाडं मीठ थोडं थोडं वाढवतात आणि तेवढ्यापुरता हीटर लावतात. त्या आठवड्यांत टाकीचं पाणी माडाच्या बुंध्याशी जातं. माडाला मिठाचं वावडं नाही, आणि मोरीचा नियमही मोडत नाही.

समुद्र दाराशी असताना खाऱ्या पाण्याचे मासे का पाळत नाही?

कारण समुद्र दाराशी असला तरी टाकीत तो मावत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि खारेपणा रोज चढत जातो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाजवळून भरून आणलं तर ते नदीच्या पाण्याने पातळ झालेलं, गढूळ. प्रवाळात राहणाऱ्या रंगीत माशांना असे चढउतार सोसत नाहीत. शिवाय किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा समुद्रघोडा उचलून आणणं हा गुन्हा आहे. २००१ पासून दोन्हींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आणि माझ्यापुरतं म्हणाल तर खारं पाणी बदलल्यावर ओतायचं कुठे? अळवाला तर नाहीच. विषय तिथेच संपला.

असे मासे बघायचेच असतील तर रत्नागिरीला झाडगावात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथे जा. हे तिथे गेले की काचेपुढून हलत नाहीत, मला बाहेर बाकड्यावर बसून राहावं लागतं.

मासे पाळता आणि मासे खाताही?

हो. वार पाळून. बाजारात बांगडा चांगला दिसला तर हेच पिशवी घेऊन जातात आणि हेच साफ करतात. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांनी कोंबड्या पाळणाऱ्या घरी जाऊन आधी विचारावं.

उलट खाण्याच्या माशांचाही बागेला उपयोग आहे. मासे धुतलेलं पाणी कढीलिंबाला आणि मिरचीला जातं, खवलं आणि आतडी चिकूच्या मुळाशी हातभर खोल पुरते. वरवर पुरली तर रात्रीत कुत्री उकरून अंगणभर पसरतात. जूनपासून मासेमारी बंद असते तेव्हा आगोटीला भरून ठेवलेली सुकी मासळी निघते. ती धुतलेलं पाणी खारट, ते मात्र झाडांना नाही.

एवढी पाण्याची भांडी, मग डास होत नाहीत का?

पाण्याच्या भांड्यांत मासे आहेत म्हणूनच होत नाहीत. आरोग्य खात्याच्या माहितीनुसार एक मोठी गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या खाते. डास होतात ते कुंडीखालच्या बशीत, फुटक्या बादलीत, करवंटीत, तुंबलेल्या पन्हळीत आणि माडाखाली पडलेल्या, उंदराने पोखरलेल्या शहाळ्यात. अंड्यापासून डास उडायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातला एक दिवस सगळं पालथं घालायचा. शाळेतली मुलंसुद्धा तो कोरडा दिवस म्हणून ओळखतात.

पण गप्पी ओहोळात किंवा नदीत नेऊन सोडू नका. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. डासांवर उपाय म्हणून १९१० च्या सुमारास आपल्याकडे आणली गेली. आपल्या ओहोळातल्या लहान माशांची अंडी-पिल्लंही ती गट्ट करते, आणि गाभण मादी दर चार आठवड्यांनी वीस-पन्नास जिवंत पिल्लं टाकते. एका नराशी भेट झाली की पुढे कित्येक महिने तिला नर लागतही नाही. आपली विहीर, हौद, डोण यांपुरतंच तिला ठेवा. टाकीत मोठा झालेला, काचेवरचं शेवाळ खाणारा सकर मासा तर वाशिष्ठी नदीत बिलकूल नको.

आणि पाहुण्यांनो, ओटीवर संध्याकाळी डासांची कॉइल किंवा लिक्विड मशीन लावू नका. त्यातली औषधं माशांना माणसापेक्षा कितीतरी पटीने घातक असतात, आणि हवेचा पंप ओटीवरचीच हवा ओढून पाण्यात सोडत असतो. तुमच्यासाठी मच्छरदाणी आहे.

बागेत फवारणी करता का?

डोण आणि सिमेंटची टाकी बागेतच असल्याने हात बांधलेले आहेत. तंबाखूचा काढा कीटकांना मारतो तसा माशांनाही मारतो, तेव्हा तो वगळला. मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा. फारच झालं तर निंबोळी अर्क, तोही टाक्या झाकून आणि वारा पडलेला असताना.

पावसातल्या मोठ्या शंखी गोगलगायी हे खरं दुखणं. एका रात्रीत झेंडूची रोपं बुडख्यापर्यंत साफ. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकायचं, पहाटे उचलायचं. खाली गोळा झालेल्या असतात. त्या चिमट्याने वेचून मिठाच्या पाण्यात बुडवायच्या. हातमोजे घाला, नुसत्या हाताने धरू नका. हे काम ह्यांचं आहे, कारण मला ते जमत नाही आणि जमवायचंही नाही.

खाऱ्या वाऱ्यात काय काय होतं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच. सदाफुली, बोगनवेल, कोरफड यांना वाऱ्याची पर्वा नाही. जास्वंद आणि अबोली भिंतीच्या आडोशाला छान येतात. सोनचाफा घराच्या पूर्वेला लावा, म्हणजे समुद्राकडचा वारा घर अडवतं. गुलाबाचं म्हणाल तर हौस असेल तर कुंडीत लावा आणि जूनमध्ये कुंडी पडवीत घ्या. पश्चिमेच्या गडग्याला लागून उंडी आणि केवडा आहे, त्यांच्या आडोशाने बाकीची बाग उभी आहे.

मृगाच्या आसपास पडवळ, दोडकं, कारलं, काकडी टोकायची आणि मांडव घालायचा. भात कापून झालं की मुळा, माठ, वाल, चवळी. नवीन रोपट्यांना पहिल्या वर्षी झापांचा आडोसा हवाच. पाऊस उघडला आणि वारा मात्र घोंघावत राहिला तर पानांच्या कडा करपायला लागतात. तेव्हा संध्याकाळी गोड्या पाण्याने पानं धुवायची.

वानरांचं काय करता?

काही नाही. ती येतात, खातात, जातात. केळीचा घड गोणपाटात बांधतो, बाकी त्यांच्या नशिबाचं.

वीज गेली की मासे जगतात कसे?

काही तास गेली तर काहीच होत नाही, टाकीत दाटी नसली तर. दाटी असेल तर मासे वर येऊन तोंड पृष्ठभागाला लावतात. तेव्हा तांब्याने टाकीतलंच पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतत राहायचं, हवा मिसळते. सेलवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो घरात असावा. वीज नसताना खाणं बंद. खाल्लेलं पचवायलाही प्राणवायू लागतो.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेवढं लांबलं तर काचेच्या टाकीतले मासे सरळ डोणीत सोडायचे, असं आमचं ठरलेलं आहे. उघड्या पाण्याला रुंद तोंड असतं, त्याला पंप लागत नाही.

हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर नळीत उलट झडप बसवा. वीज गेली की पाणी नळीतून उलटं येतं, पंपात शिरतं आणि रात्रभरात अर्धी ओटी भिजते.

टाकीतलं पाणी चहाच्या रंगाचं का दिसतं?

बदामाच्या पानांमुळे. आपल्या किनाऱ्यावर देशी बदामाची झाडं जागोजागी असतात. लाल होऊन गळालेलं पान धुऊन, वाळवून टाकीत एखादं टाकायचं. त्यातलं टॅनिन पाण्यात उतरतं, बुरशीला थोडा आळा बसतो आणि पिल्लांना लपायला जागा होते. शहरातल्या दुकानांत हीच पानं पाकिटात घालून विकतात. मागच्या वेळी एक मावशी पाकिटाची किंमत ऐकून आमच्या अंगणातली पानं पिशवीत भरून घेऊन गेल्या. पानं फुकट आहेत, फक्त झाडून द्या.

गणपतीत टाकी हलवता का?

भरलेली टाकी कधीच हलवायची नसते. मखर दुसऱ्या कोपऱ्यात होतं. मासे अंगाच्या बाजूच्या रेषेने पाण्यातली थरथर ओळखतात, त्यामुळे काचेवर टिचक्या मारल्या की सैरावैरा होतात. आरतीला ढोलकी-झांजा असतात तेवढा वेळ टाकीचा दिवा बंद करून वर चादर टाकतो. धूप, ऊद दाराकडे. मोदकाची पारी, साखरफुटाणे, दूर्वा टाकीत टाकू नका. दरवर्षी कोणीतरी टाकतंच. गौरीसाठी तेरडा परसात भरपूर आहे, पण तोडायच्या आधी मला विचारा.

दोघं एकदम बाहेरगावी गेलात तर?

मोठे निरोगी मासे आठवडाभर खाण्यावाचून आरामात राहतात. शेजारच्या वैनींना झाडांचं सांगतो, माशांचं सांगत नाही. त्यांचा हात मोकळा. माशांना उपाशी बघवत नाही आणि डबी अर्धी होते. जास्त दिवस जायचं असेल तर हे कागदाच्या पुड्या बांधून वार घालून ठेवतात आणि डबी कपाटात बंद करतात. वैनींना ते माहीत आहे. त्या चिडवतात, पण पुड्यांप्रमाणेच घालतात.

एखादं कासव का पाळत नाही?

आपल्याकडची गोड्या पाण्यातली कासवं पाळायला कायद्याने मनाई आहे, आणि दुकानातलं लाल कानाचं परदेशी कासव मोठं झालं की लोक तळ्यात सोडून देतात. कासवं बघायची तर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत या. ऑलिव्ह रिडले आमच्या पुळणीवरही अंडी घालायला येतात, आणि मंडणगड तालुक्यातल्या वेळासला तर २००२ पासून घरटी राखली जातात.

तुमची भांडणं होतात का?

होतात. कुमुदिनीची पानं किती ठेवायची यावरून. मला सगळी हवीत, ह्यांना मासे दिसायला हवेत.

आम्हाला गप्पी, फांद्या, रोपं मिळतील का?

गप्पी कितीही न्या. येताना रुंद तोंडाची बरणी आणा. पाणी तिसरा हिस्सा, बाकी हवा. घरी गेल्यावर बरणी उन्हात ठेवू नका, आपल्या टाकीचं पाणी अर्ध्या तासात थोडं थोडं करून बरणीत घाला आणि मगच मासे सोडा. विहिरीत सोडायच्या असतील तर विहीर टीसीएलची नाही ना ते आधी बघा.

जास्वंदीच्या आणि बोगनवेलीच्या फांद्या मे महिन्यात मागू नका, उन्हात त्या सुकतात. पहिले पाऊस झाले की या. अळवाचे कांदेही तेव्हाच. भाजीचं अळू पांढऱ्या देठाचं हवं की काळ्या देठाचं ते सांगून ठेवा. आणि मेथीचं बी संपलं आहे, घाटावरून कोणी येणार असेल तर चांगलं बी घेऊन या.